एलेन स्वालो रिचर्ड्स

एलेन हेन्रिएटा स्वालो रिचर्ड्स (जन्म : डन्स्टेबल, मॅसॅच्युसेट्स, ३ डिसेंबर १८४२, मृत्यू : जमैका प्लेन, बोस्टन, ३० मार्च १९११) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि गृहविज्ञान या विद्याशाखेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत. पाणी, हवा आणि अन्न यांची शुद्धता हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. बोस्टनच्या माध्यमिक शाळांतील मुलांना निकृष्ट खाद्यपदार्थांऐवजी सकस जेवण मिळावे यासाठी १८९४ साली सुरू झालेली व्यवस्था त्यांच्या मार्गदर्शनाखाली चालली. अमेरिकेतील शालेय भोजनाच्या इतिहासात तिला आरंभीचे स्थान आहे.

बालपण आणि शिक्षण

पीटर स्वालो आणि फॅनी गूल्ड टेलर या शिक्षक दांपत्याच्या एलेन या एकुलत्या एक कन्या. सुरुवातीचे शिक्षण त्यांना आईवडिलांनी घरीच दिले. १८५९ साली कुटुंब वेस्टफर्ड येथे आले व तेथील अकादमीत एलेन दाखल झाल्या. वडिलांनी दुकान काढले होते. घरकाम, आजारी आईची शुश्रूषा आणि दुकानातील मदत असा तिहेरी भार त्यांच्यावर असे. दुकानात येणारा माल आणि गिऱ्हाइकांच्या गरजा यांचा त्यांना लहान वयातच जवळून परिचय झाला.

शिकवण्या करून आणि मिळतील ती कामे करून त्यांनी सुमारे ३०० डॉलर साठवले. या पैशांच्या आधारावर १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील व्हासार महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स फॅरार यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. विज्ञानाचा उपयोग रोजच्या जगण्यात झाला पाहिजे ही फॅरार यांची धारणा एलेन यांनी आयुष्यभर जपली. १८७० साली त्या पदवीधर झाल्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एमआयटीने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून प्रवेश दिला व त्यांच्याकडून शुल्क घेतले नाही. हा उदारपणा वाटला, तरी त्यामागचे कारण वेगळे होते. कोणी आक्षेप घेतल्यास त्या संस्थेच्या रीतसर विद्यार्थिनीच नाहीत असे अध्यक्षांना सांगता यावे, अशी ती तरतूद होती. १८७३ साली त्यांनी एमआयटीची बी.एस. पदवी मिळवली. लोहखनिजाच्या रासायनिक विश्लेषणावरील प्रबंधाबद्दल त्याच वर्षी व्हासारनेही त्यांना एम.ए. पदवी दिली. पुढेही अभ्यास चालू ठेवला असूनही एमआयटीची डॉक्टरेट मात्र त्यांना मिळाली नाही.

४ जून १८७५ रोजी खाणकाम अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जमैका प्लेन येथील आपल्या घरात त्यांनी शिशाचे नळ काढून टाकणे, वायुवीजन सुधारणे असे अनेक प्रयोग केले.

महिला प्रयोगशाळा

स्त्रियांना विज्ञानाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळावे म्हणून १८७६ साली एमआयटीत महिला प्रयोगशाळा सुरू झाली. रिचर्ड्स तेथे विनावेतन शिकवत आणि तिच्या खर्चासाठी स्वतःचे पैसेही देत. स्त्रियांना नियमित प्रवेश मिळू लागल्यावर १८८३ मध्ये ही प्रयोगशाळा बंद झाली. १८८४ पासून अखेरपर्यंत त्या एमआयटीत आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या निदेशक (इन्स्ट्रक्टर) होत्या. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्सच्या राज्य आरोग्य मंडळासाठी झालेल्या पाणी पाहणीत राज्यभरातून आलेले हजारो नमुने त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले.

अन्नातील भेसळ

राज्य आरोग्य मंडळासाठी त्यांनी वाणसामानाचीही तपासणी केली. दालचिनीच्या पुडीत लाकडाचा भुसा, साखरेत वाळू असे प्रकार त्या काळी सर्रास चालत. १८८२ साली मॅसॅच्युसेट्सने अन्न व औषधांतील भेसळीविरुद्ध कायदा केला. गृहिणीला थोडे रसायनशास्त्र आले, तर तिची फसवणूक टळेल, या विचारातून त्यांनी स्वयंपाक, स्वच्छता आणि भेसळ यांवर सोप्या भाषेत पुस्तके लिहिली.

न्यू इंग्लंड किचन

मेरी हिनमन एबेल यांच्या सहकार्याने १ जानेवारी १८९० रोजी बोस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' सुरू झाले. पॉलिन ॲगासिझ शॉ यांनी त्यासाठी अर्थसाहाय्य केले. कष्टकरी कुटुंबांना स्वस्त, स्वच्छ आणि पौष्टिक शिजवलेले अन्न विकत मिळावे, हा त्याचा उद्देश होता. प्रत्येक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात केला जाई. आजचे सूप आणि उद्याचे सूप यांत पोषणाच्या दृष्टीने फरक पडू नये, यावर रिचर्ड्स यांचा कटाक्ष असे.

मात्र ज्यांच्यासाठी हे स्वयंपाकघर काढले, त्यांनी त्याकडे बव्हंशी पाठ फिरवली. आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना न्यू इंग्लंडचे सौम्य, बेताच्या मसाल्याचे जेवण रुचले नाही. अन्न म्हणजे केवळ प्रथिने आणि उष्मांक नव्हेत, त्यात माणसाची चव, सवय आणि गावाकडची आठवणही असते, हा धडा या अनुभवाने दिला.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात रिचर्ड्स यांनी 'रम्फर्ड किचन' उभारले. म्युनिकमधील गरिबांसाठी सूप तयार करणारे मॅसॅच्युसेट्सचे वैज्ञानिक काउंट रम्फर्ड यांचे नाव त्याला दिले होते. दोन महिन्यांत सुमारे १०,००० लोक तेथे जेवले. जेवणातील पोषकद्रव्यांचे प्रमाणही ग्राहकांना कळवले जाई.

शालेय भोजन

बोस्टनच्या माध्यमिक शाळांत दुपारच्या सुटीत विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवर त्या काळी कोणाचेही नियंत्रण नव्हते. इमारतीची देखभाल करणारे कर्मचारीच बहुधा ही विक्री करत आणि तिच्यातून त्यांना वरकमाई होई. जे झटपट खपेल तेच विक्रीला येई, त्यामुळे गोड पाय, केक आणि मिठाई यांवरच मुलांची भूक भागे. सकाळपासून वर्गात बसलेल्या वाढत्या वयाच्या मुलांना अशा खाण्यातून काय मिळते, असा प्रश्न आरोग्यतज्ज्ञ विचारू लागले होते.

१८९४ साली बोस्टनच्या शाळा समितीने शाळांच्या आवारात केवळ मान्यताप्राप्त अन्नच विकले जावे असा निर्णय घेतला. माध्यमिक शाळांना जेवण पुरवण्याचे काम न्यू इंग्लंड किचनकडे आले. अन्न मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजे आणि तेथून शाळांत पोहोचवले जाई. काही हजार विद्यार्थ्यांना रोज अल्प दरात गरम जेवण मिळू लागले. उत्पन्न बुडालेल्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला, तरी व्यवस्था टिकली. १९०७ मध्ये हे काम बोस्टनच्याच 'विमेन्स एज्युकेशनल अँड इंडस्ट्रियल युनियन' या संस्थेने हाती घेतले.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, अपायकारक पदार्थांवरील निर्बंध आणि चांगल्या अन्नाचा पुरवठा ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली. नुसती बंदी घातली असती, तर मुले शाळेबाहेरच्या दुकानांकडे वळली असती. नुसते चांगले जेवण ठेवले असते, तर त्याला मिठाईशी स्पर्धा करावी लागली असती.

मर्यादा

ही सोय माध्यमिक शाळांपुरती होती आणि जेवण विकत घ्यावे लागे. त्या काळी गरीब घरांतील फार थोडी मुले माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचत. त्यामुळे कुपोषणाचा धोका ज्यांना सर्वाधिक होता, ती प्राथमिक शाळांतील मुले या योजनेच्या बाहेरच राहिली. त्याच सुमारास फिलाडेल्फियात स्टार सेंटर या संस्थेने एका शाळेत एका पेनीत जेवण देण्यास प्रारंभ केला होता. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांच्या भोजनाचा कायदा १९०६ साली झाला.

दुसरी मर्यादा तत्कालीन विज्ञानाची होती. रिचर्ड्स यांच्या काळातील आहारशास्त्र प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कर्बोदके आणि उष्मांक यांच्या हिशेबावर उभे होते. जीवनसत्त्वांची संकल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ साली, कासिमिर फुंक यांनी मांडली. त्यामुळे ताजी फळे आणि पालेभाज्या यांचे खरे महत्त्व त्या काळच्या आहारतक्त्यांत उमटले नाही.

गृहविज्ञान चळवळ

१८९९ पासून लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदांतून गृहविज्ञान या विषयाला शैक्षणिक रूप मिळाले. या परिषदांचे अध्यक्षपद रिचर्ड्स यांच्याकडे होते. १९०८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशनच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. परिसर सुधारून माणसाचे जीवनमान सुधारता येते, या विचाराला त्यांनी 'युथेनिक्स' असे नाव दिले. १९१० साली स्मिथ महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मृत्यू आणि वारसा

३० मार्च १९११ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मेन राज्यातील गार्डिनर येथे त्यांचे दफन करण्यात आले. कॅरोलाइन हंट यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९१२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेचा राष्ट्रीय शालेय भोजन कायदा १९४६ साली झाला. शाळेतील जेवण ही केवळ सुटीतील विक्री नसून मुलांच्या आरोग्याची सार्वजनिक जबाबदारी आहे, ही बोस्टनमध्ये अर्धशतकापूर्वी प्रत्यक्षात आलेली कल्पना तोवर देशभर मान्य झाली होती. १९९३ साली त्यांचा समावेश अमेरिकेच्या 'नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेम'मध्ये करण्यात आला.

प्रमुख ग्रंथ

* द केमिस्ट्री ऑफ कुकिंग अँड क्लीनिंग (१८८२)
* फूड मटेरियल्स अँड देअर ॲडल्टरेशन्स (१८८६)
* द कॉस्ट ऑफ लिव्हिंग (१८९९)
* एअर, वॉटर अँड फूड (१९००, ए. जी. वुडमन यांच्यासह)
* द कॉस्ट ऑफ फूड (१९०१)
* युथेनिक्स (१९१०)