‘होपचे उपकरण’ आणि त्यामागचा डॉक्टर

सोलापूरच्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरली, की ती तडकते. कारण पाणी गोठताना फुगते. पण हे फुगणे बर्फ होण्याआधीच, चार अंश सेल्सिअसपासून सुरू होते. दहावीची मुले त्यासाठी ‘होपचे उपकरण’ शिकतात. आकृती सर्वांना येते. होप कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. होप आमच्याच पेशातले, डॉक्टर होते.

थॉमस चार्ल्स होप यांचा जन्म १७६६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १७८७ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन होप यांनी ग्लासगोत रसायनशास्त्र व वैद्यक शिकवले. १७९५ पासून ते एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी एक वाद होता. थंड होणारे पाणी एका टप्प्यानंतर फुगते, असे काहींचे निरीक्षण होते. पण थंडीने काचेचे भांडेही आकसते. मग वर चढलेली पातळी पाण्यामुळे की भांड्यामुळे? होप यांनी पातळी मोजणेच सोडून दिले. उंच भांड्यात पाणी भरले, वर आणि तळाशी तापमापी बसवल्या आणि मधल्या भागाला बर्फ-मिठाने गारवा दिला. आधी तळाचे तापमान उतरले आणि चार अंशांच्या आसपास थांबले. त्यानंतर वरचे उतरू लागले, ते थेट शून्याकडे. म्हणजे चार अंशांचे पाणी सर्वांत जड, म्हणून तळाशी. त्याहून गार पाणी हलके, म्हणून वर. १८०५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. थंड प्रदेशातील तळी वरून का गोठतात आणि खाली मासे कसे जगतात, याचे उत्तर त्यातच आहे.

होप यांच्या वर्गाला शेकडो विद्यार्थी असत. वैद्यकीय शिक्षणाला कंटाळलेल्या तरुण चार्ल्स डार्विनलाही त्यांचा वर्ग आवडे. १८२६ मध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी व्याख्याने दिली. स्त्रियांनीही गर्दी केली. त्या उत्पन्नातून होप यांनी रसायनशास्त्राचे पारितोषिक सुरू केले. १८४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे १८७० मध्ये एडिथ पीची ही विद्यार्थिनी या पारितोषिकाला पात्र असणाऱ्यांत पहिली आली. केवळ स्त्री म्हणून तिला ते नाकारले गेले. ज्या निधीला स्त्रियांच्या पैशांचाही हातभार होता, तोच स्त्रीला मिळाला नाही. पीची डॉक्टर झाल्या, १८८३ मध्ये मुंबईत आल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रखमाबाईंना लंडनला जाऊन डॉक्टर होण्यासाठी त्यांनी पाठबळ दिले.

घरात कुणी दहावीला असेल, तर आकृतीबरोबर ही गोष्टही सांगा. मुलींना तर नक्कीच.