विश्लेषण : धरणाविना गावाला वीज देणारे ‘पेल्टन चाक’ कुणी घडवले?

हिमालयातल्या अनेक दुर्गम वस्त्यांत पहिला दिवा लागला, तो सरकारी तारांवर नव्हे, तर गावाशेजारच्या ओढ्यावर. अशा छोट्या वीजघराचे दार उघडले की अनेकदा आत एक चाक दिसते. त्याच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात. हे पेल्टन चाक. नाव ज्याचे, तो लेस्टर पेल्टन इंजिनीअर नव्हता. तो सुतारकाम करणारा कारागीर होता.

सोने शोधायला गेला आणि...

लेस्टर ॲलन पेल्टनचा जन्म ५ सप्टेंबर १८२९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, व्हर्मिलियन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली होती. १८५० मध्ये तोही गावच्या काही तरुणांसोबत निघाला. सोन्याने मात्र त्याला हुलकावणी दिली. काही काळ मासेमारी केली, तीही जमली नाही. अखेर सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या कॅम्पटनव्हिल परिसरात तो सुतार आणि गिरणी-मिस्त्री म्हणून स्थिरावला. खाणींसाठी पाणचक्क्या आणि दगड कुटण्याची यंत्रे उभारणे हे त्याचे काम.

खाणवाल्यांपुढे तेव्हा एक पेच होता. वाफेच्या इंजिनांना लाकूड लागे आणि आसपासचे डोंगर तोडीने उघडे पडत चालले होते. पाणी मात्र उंचावरून पाटाने आणि नळाने येतच होते. अडचण होती ती चाकाची. तेव्हाच्या चाकांवर पाण्याचा झोत सपाट पात्यांवर आदळे आणि चौफेर उडे. उडणाऱ्या पाण्यात बराच वेग शिल्लक राहायचा. म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती वायाच.

गाईची गोष्ट खरी की खोटी?

पेल्टनला युक्ती कशी सुचली, याच्या दोन कथा सांगतात. एक अशी की, भटक्या गाईला हाकलताना नळीतला झोत तिच्या नाकाच्या मध्यभागी बसला आणि पाणी दोन्ही बाजूंनी वळून मागे आले. दुसरी अशी की, एक चाक आसावर जरासे सरकले, झोत वाटीच्या मध्याऐवजी कडेवर पडू लागला आणि चाक हळू होण्याऐवजी उलट जोरात फिरू लागले. गाईची गोष्ट रंगतदार आहे. पण मिस्त्रीचा डोळा ओळखायचा तर दुसरीच जास्त पटते.

काहीही असो, १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने वाट्यांचे अनेक आकार करून पाहिले. शेवटी जमला तो आकार साधा होता : दोन वाट्या शेजारी-शेजारी आणि मध्ये धारदार कणा. झोत कण्यावर दुभंगतो, दोन्ही वाट्यांतून वळसा घेतो आणि जवळपास आला त्या दिशेलाच मागे फिरतो. वाटीचा वेग झोताच्या साधारण निम्मा ठेवला, तर बाहेर पडणारे पाणी जवळजवळ निपचित खाली गळते, कारण त्यातला जोर चाकाने काढून घेतलेला असतो. सुरुवातीच्या एका छोट्या चाकावर त्याने घरमालकिणीचे शिवणयंत्र चालवून दाखवले, असे म्हणतात.

२६ ऑक्टोबर १८८० रोजी त्याला पेटंट मिळाले. १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीत एका खाण कंपनीने चाकांची चाचणी घेतली. पेल्टनचे चाक ९०.२ टक्के कार्यक्षम ठरले, तर त्याच्या सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी ७६.५ टक्क्यांवर राहिला. मग मागणी वाढली. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेल्टनच्या नावाची कंपनी उभी राहिली. पेटंटचे हक्क त्याने विकून टाकले होते. कंपनीला तो सल्ला देत राहिला. त्याने लग्न केले नाही. १४ मार्च १९०८ रोजी ओकलंडमध्ये त्याचे निधन झाले.

गावासाठी हेच चाक का?

या चाकाला पाणी थोडे चालते. उंची मात्र हवी. हिशेब सोपा आहे. ओढ्यातून सेकंदाला फक्त १० लिटर पाणी नळाने ६० मीटर खाली आणले, तर त्यात सुमारे ५.९ किलोवॉट शक्ती असते. नळातील घर्षण आणि यंत्रातील घट धरून निम्मी हाती लागली, तरी जवळपास तीन किलोवॉट. घरटी १०० वॉट धरले तर तीसेक घरांचे दिवे, तेही रात्रंदिवस. धरण नको, विस्थापन नको. पाणी परत ओढ्यात जाते. चाकही ओतशाळेत आणि लेथवर घडवता येते. नेपाळमध्ये काठमांडू आणि बुटवलच्या कारखान्यांनी ही यंत्रे देशातच बनवून डोंगरात पोहोचवली. शत्रू एकच, गाळ. पाण्यातली वाळू कणा आणि वाट्या झिजवते, म्हणून नळाच्या तोंडाशी गाळ बसवणारी टाकी लागतेच.

मग सह्याद्रीत असे का नाही?

पेल्टन चाके सह्याद्रीत आहेत, पण अवाढव्य. टाटांच्या खोपोली वीजघरात १९१५ पासून, पुढे कोयनेच्या पहिल्या टप्प्यांतही याच जातीची चाके फिरू लागली. उंची आपल्याकडे भरपूर आहे. खोपोलीला पाणी ५०० मीटरहून अधिक खाली येते. कमी पडते ते बारमाही पाणी. बर्फावर पोसलेला हिमालयी ओढा उन्हाळ्यातही वाहतो, आपले बहुतेक ओढे पावसाळा सरला की काही महिन्यांत आटतात. खोपोलीसाठी म्हणूनच लोणावळा परिसरात तलाव बांधावे लागले. घाटातल्या एखाद्या वाडीला हे चाक बसवायचे असेल, तर आधी एप्रिल-मे महिन्यात ओढ्यावर जाऊन बादली आणि घड्याळाने पाणी मोजावे लागेल.