सर हॅरॉल्ड गिलीज

रणांगणावर हात किंवा पाय गमावलेल्या वीराचे सर्वत्र कौतुक होते. परंतु ज्याचे नाक, ओठ किंवा जबडाच नाहीसा झाला, त्याच्याकडे पाहण्याचेही धैर्य अनेकांना होत नाही. पहिल्या महायुद्धात अशा हजारो तरुणांना ज्यांनी पुन्हा माणसांत आणले, ते थोर शल्यवैद्य म्हणजे सर हॅरॉल्ड गिलीज होत.

त्यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डनीडिन या शहरी झाला. केंब्रिज व लंडन येथे शिक्षण घेऊन ते कान, नाक व घसा यांचे तज्ज्ञ झाले. १९१५ साली ते युद्धसेवेसाठी फ्रान्समध्ये गेले. खंदकांतून लढणाऱ्या सैनिकांची डोकी व चेहरे गोळ्यांना सहज बळी पडत. त्यांची दैना पाहून गिलीज यांचे मन कळवळले. इंग्लंडात परतल्यावर त्यांनी अधिकाऱ्यांकडे आग्रह धरला आणि १९१६ साली ऑल्डरशॉट येथे अशा जखमींसाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्याच वर्षी सोमची घनघोर लढाई झाली व सुमारे २,००० जखमी तेथे येऊन थडकले. जागा अपुरी पडली. म्हणून १९१७ साली सिडकप येथे खास रुग्णालय सुरू झाले. तेथून गावात जाणाऱ्या वाटेवर रुग्णांसाठी काही निळी बाके होती. त्यांवर बसलेल्यांचा चेहरा पाहून दचकू नये, अशी ती गावकऱ्यांस सूचना होती.

कातडीचा पट्टा वळवून नाक घडविण्याची विद्या हिंदुस्थानात फार जुनी. पुण्यातील अशा एका शस्त्रक्रियेची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. पट्ट्याचे एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवीत. त्यातून रक्त मिळून कातडी जिवंत राही. मात्र लांब पट्ट्याची आतील उघडी बाजू पुष्कळदा चिघळे, आणि पेनिसिलिनचा शोध तर तेव्हा लागलाच नव्हता. ऑक्टोबर १९१७ मध्ये एका भाजलेल्या खलाशाच्या चेहऱ्यासाठी गिलीज छातीची कातडी उचलीत होते. पट्ट्याच्या कडा आपोआप आत वळत आहेत, हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने टिपले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. पट्ट्याची नळी झाली, उघडा भाग झाकला गेला आणि रक्त वाहत राहिले!

सिडकप येथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. गिलीज कधी घाई करीत नसत. एकेका चेहऱ्यासाठी ते महिनोन्महिने खपत. हेन्री टाँक्स या चित्रकाराकडून ते रुग्णांची चित्रे काढून घेत व नीट विचार करूनच हाती शस्त्र घेत. १९३० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

२०२२ साली अमेरिकेत रुग्णाच्याच पेशी वापरून यंत्राने थरावर थर छापलेला कान एका तरुणीस बसविण्यात आला. साधने पालटली, परंतु दुखावलेल्या माणसास लोकांत ताठ मानेने वावरता यावे, हा गिलीज यांचा ध्यास आजच्या शल्यवैद्यांनीही जपला आहे.