तीन खोल्यांतील कलाक्रांती

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, २४ नोव्हेंबर १९०५ रोजी एक कलादालन सुरू झाले. तीन लहान खोल्यांच्या या दालनाने पुढील बारा वर्षांत अमेरिकेला आधुनिक कलेची ओळख करून दिली. त्याचे प्रवर्तक होते ख्यातनाम छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ.

१ जानेवारी १८६४ रोजी न्यू जर्सीतील होबोकेन येथे एका जर्मन ज्यू स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले आणि तेथे कॅमेऱ्याच्या प्रेमात पडले. १८९०मध्ये मायदेशी परतल्यावर, छायाचित्रण हे केवळ यंत्राचे काम नसून ती चित्रकलेच्या तोलाची कला आहे, हे सिद्ध करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी १९०२मध्ये त्यांनी ‘फोटो-सेसेशन’ ही चळवळ उभारली आणि १९०३पासून ‘कॅमेरा वर्क’ हे देखणे त्रैमासिक काढले. सहकारी एडवर्ड स्टायकेन यांच्या सूचनेवरून, त्यांच्याच जुन्या स्टुडिओत हे दालन उघडले. ‘२९१’ या नावानेच ते पुढे ओळखले जाऊ लागले.

दालन मुळात छायाचित्रांसाठी होते. मात्र, छायाचित्रांना कलेच्या पंक्तीत बसवायचे, तर शेजारी त्या काळातील सर्वांत धाडसी कला हवी, असे स्टिग्लिट्झ यांना वाटू लागले. पॅरिसमधील स्टायकेन यांच्या मदतीने १९०८मध्ये तेथे रोदँ यांची रेखाटने आणि पाठोपाठ मातिस यांची चित्रे झळकली. अमेरिकेत आधुनिक कलेचे वादळ उठवणारा ‘आर्मरी शो’ भरला तो १९१३मध्ये, म्हणजे तब्बल पाच वर्षांनंतर. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी स्टिग्लिट्झ डगमगले नाहीत. १९११मध्ये सेझान आणि त्यानंतर पिकासो, १९१४मध्ये शिल्पकार ब्रांकुसी आणि त्याच वर्षी आफ्रिकी शिल्पे असा क्रम सुरूच राहिला.

या धाडसाची किंमतही मोठी होती. पिकासोच्या त्या प्रदर्शनातील जेमतेम दोन कलाकृती विकल्या गेल्या आणि त्यांपैकी एक खुद्द स्टिग्लिट्झ यांनीच घेतली. उरलेल्या कलाकृती अल्प मोबदल्यात घेण्याचा त्यांचा प्रस्ताव मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नाकारला, असे ते पुढे सांगत. स्वभाव हट्टी व वर्चस्व गाजवणारा असल्याने अनेक जुने मित्र दुरावले. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्टायकेन यांच्याशीही बिनसले. पत्नी एमेलीन यांच्या माहेरच्या बिअर व्यवसायातून येणाऱ्या पैशांवर घर चालत असे. तो ओघही युद्धकाळात आटला. ‘कॅमेरा वर्क’चे वर्गणीदार चाळिसाच्याही खाली आले. १९१७मध्ये त्रैमासिक आणि दालन, दोन्ही बंद पडले.

मात्र, ते अखेरचे वर्षही वाया गेले नाही. मार्सेल द्युशाँ यांचे ‘फाउंटन’ एका प्रदर्शनाने झिडकारले, तेव्हा स्टिग्लिट्झ यांनी ‘२९१’मध्ये त्याचे छायाचित्र टिपले. मूळ वस्तू हरवली. उरले ते छायाचित्र. जॉर्जिया ओ’कीफ या तरुण चित्रकर्तीची रेखाटने १९१६मध्ये त्यांनी तिला न विचारताच मांडली होती. जाब विचारायला आलेल्या ओ’कीफ यांनी अखेर ती राहू दिली. दालनातील शेवटचे प्रदर्शन त्यांचेच ठरले आणि १९२४मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

त्याच वर्षी भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने स्टिग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे स्वीकारली. छायाचित्राला संग्रहालयात स्थान मिळावे, हे त्यांचे जुने स्वप्न एका भारतविद्या पंडिताने साकार केले.

‘२९१’नंतरही स्टिग्लिट्झ स्वस्थ बसले नाहीत. ‘इंटिमेट गॅलरी’ आणि त्यानंतर ‘अॅन अमेरिकन प्लेस’ या छोट्या दालनांतून त्यांनी अखेरपर्यंत अमेरिकी चित्रकारांची पाठराखण केली. १३ जुलै १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दाखल झाला. १९११च्या त्या प्रदर्शनातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेले पिकासोचे रेखाटनही त्यात होते.