नवऱ्याला न सांगता गाडी काढली, वाटेत स्वतःच दुरुस्त केली. बर्था बेंझच्या १०० किलोमीटरची गोष्ट

गाडी ठरावीक किलोमीटर चालली की मेकॅनिक सांगतो, टायमिंग बेल्ट बदलून घ्या आणि इंजिन उघडलंच आहे तर वॉटर पंपही नवा टाका. खर्चाचा आकडा ऐकून काही जण मग व्हिडिओ बघतात, पाना-पक्कड काढतात आणि रविवारी घराच्या अंगणातच कामाला लागतात.

हे काम सोपं नाही, पण निदान माहिती मिळते, स्पेअर पार्ट मिळतात आणि अडलंच तर गॅरेज असतं. आता अशी कल्पना करा की जगात एकही गॅरेज नाही, एकही पेट्रोल पंप नाही आणि तुम्ही घरापासून पन्नास किलोमीटरवर बंद पडलेल्या गाडीशेजारी उभे आहात. सोबत दोन शाळकरी पोरं आहेत.

१८८८ साली जर्मनीत एक बाई नेमकी याच परिस्थितीत होती. तिचं नाव बर्था बेंझ. आज मर्सिडीज-बेंझ या नावातला जो बेंझ आहे, तो तिच्या नवऱ्याचा. पण ते नाव टिकलं त्यात बर्थाचा वाटा किती मोठा होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

हुंड्याचे पैसे वर्कशॉपमध्ये घातले

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा. गाव फोर्त्सहाइम, दक्षिण जर्मनीतलं. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात, घरची परिस्थिती चांगली. तिच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये करताना पुन्हा मुलगीच झाली अशी खंत लिहिली होती आणि ती नोंद लहानपणी तिच्या वाचनात आली, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं.

पुढे तिची ओळख कार्ल बेंझशी झाली. कार्ल हुशार इंजिनिअर, पण खिसा रिकामा. १८७१ मध्ये त्यानं मानहाइम शहरात भागीदारीत वर्कशॉप काढलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा अडचणीत आला. वर्कशॉपमधली हत्यारं जप्त होण्यापर्यंत वेळ आली.

तेव्हा बर्थानं हुंड्याचे पैसे लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतले. त्या पैशातून कार्लनं भागीदाराचा हिस्सा विकत घेतला आणि वर्कशॉप वाचलं. जुलै १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अविवाहित असताना बर्था स्वतःच्या पैशाबद्दल निर्णय घेऊ शकत होती. लग्न झाल्यावर मात्र त्या काळच्या कायद्यानं तो अधिकार नवऱ्याकडे गेला. पैसे तिचे, जोखीम तिची, पण कागदोपत्री ती कुठेच नाही. पुढे पेटंटवर नाव लागलं तेही एकट्या कार्लचंच.

थर्टी फर्स्टच्या रात्री इंजिन सुरू झालं

लग्नानंतरची वर्षं हलाखीत गेली. घरात मुलं वाढत होती आणि कार्ल वर्कशॉपमध्ये इंजिनशी झुंजत होता. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीची जेवणं झाल्यावर बर्थानंच त्याला पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघू म्हणून बाहेर काढलं. त्या रात्री इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लनं मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाकं, मागे एका सिलिंडरचं आडवं इंजिन, ताकद एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. इंजिनाची गती चामड्याच्या पट्ट्यानं पुढच्या दांड्यापर्यंत यायची आणि तिथून साखळ्यांनी मागच्या चाकांना मिळायची. स्टिअरिंग व्हीलऐवजी हातात धरायचा दांडा होता. गाडी सुरू करायला मागचं मोठं चक्र हातानं फिरवावं लागे.

गाडी झाली, पण ती घ्यायला कुणी पुढे येईना. लोकांना ती आवाज करणारी, न भरवशाची वस्तू वाटायची. चाचण्याही छोट्या अंतराच्या असायच्या. कार्ल स्वभावानं सावध, गाडी अजून तयार नाही म्हणून सुधारणा करत बसायचा. बर्थाला मात्र दिसत होतं की गाडी लांबच्या रस्त्यावर गेल्याशिवाय लोकांचा विश्वास बसणार नाही. आणि विश्वास बसला नाही, तर माहेरून आणलेले पैसे आणि सोळा वर्षांचे कष्ट दोन्ही पाण्यात जाणार होते.

आईला भेटायला निघाली, पण गाडीनं

१८८८ च्या ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी होती. एके दिवशी सकाळी कार्ल झोपेत असतानाच बर्था थोरला युजेन आणि धाकटा रिचर्ड यांना घेऊन बाहेर पडली. युजेन पंधरा वर्षांचा, रिचर्ड तेरा. जायचं होतं माहेरी फोर्त्सहाइमला, अंतर शंभर किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. आवाजानं कार्लला जाग येऊ नये म्हणून तिघांनी गाडी आधी ढकलत घरापासून लांब नेली आणि मग सुरू केली.

रस्ते घोडागाड्यांसाठी केलेले, मातीचे. आणि मग एकेक अडचण सुरू झाली.

पहिली अडचण इंधनाची. ही गाडी लिग्रोइन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवावर चालायची. तो त्या काळी डाग काढण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळे. विस्लोख गावात बर्थानं अशाच एका दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. त्यामुळे ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

दुसरी अडचण पाण्याची. आजच्या गाडीत वॉटर पंप कूलंटला इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरवत ठेवतो. पंप बंद पडला की काही मिनिटांत इंजिन तापतं. बर्थाच्या गाडीत पंपही नव्हता आणि रेडिएटरही नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. म्हणजे इंजिन थंड ठेवायचं तर पाणी सतत भरत राहायला हवं. विहीर दिसली, ओढा दिसला, खानावळ दिसली की तिघं थांबत आणि पाणी ओतत. आजच्या वॉटर पंपचं काम त्या दिवशी आई आणि दोन मुलांनी केलं.

तिसरी अडचण तुंबलेल्या नळीची. इंधनाच्या नळीत कचरा अडकला आणि इंजिन बंद पडलं. बर्थानं टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली.

चौथी अडचण विजेच्या तारेची. ठिणगी पाडणाऱ्या तारेवरचं आवरण घासून गेलं होतं. मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधतात तो पट्टा तिनं सोडला आणि तारेवर गुंडाळला.

पाचवी अडचण साखळीची. साखळी ताणली गेली तेव्हा ब्रुखसाल गावातल्या लोहाराची मदत घ्यावी लागली.

आणि सहावी ब्रेकची. उतारावर लाकडी ब्रेक झिजत होते. बर्थानं जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांच्यावर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण ब्रेक लायनिंग म्हणतो, त्याची सुरुवात इथून मानतात.

चढावर मात्र कुठलीच युक्ती चालली नाही. इंजिनाला तेवढी ताकदच नव्हती, त्यामुळे खाली उतरून गाडी ढकलावी लागली. तरीही अंधार पडायच्या सुमारास तिघं फोर्त्सहाइमला पोहोचली आणि बर्थानं कार्लला सुखरूप पोहोचल्याची तार केली.

घरी परतली ती दुरुस्तीची यादी घेऊन

काही दिवसांनी ती गाडी चालवतच मानहाइमला परतली. तिच्याकडे आता ऐकीव माहिती नव्हती, प्रत्यक्ष अनुभव होता. चढासाठी आणखी एक गिअर हवा आणि ब्रेकला चामडं हवं, हे तिनं कार्लला सांगितलं. वर्कशॉपमध्ये बसून जे लक्षात आलं नव्हतं, ते या प्रवासात कळलं. कार्लनं गाडीत तसे बदल केले.

या प्रवासाची चर्चा झाली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत बेंझची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांमध्ये गणली जाऊ लागली. १९२६ मध्ये ती डाइम्लर कंपनीत विलीन झाली आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव रस्त्यावर आलं.

गाडी पहिल्यांदा एवढ्या लांब गेली, यासाठी या प्रवासाचं कौतुक होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. गाडी बंद पडते आणि ती बनवणारा इंजिनिअर शेजारी नसला, तरी हाताशी असेल त्या वस्तूंनी ती पुन्हा चालू करता येते. सामान्य माणसानं गाडी विकत घ्यायची तर हा विश्वास आधी हवा होता.

मग आजचा बेल्ट कुठून आला?

टायमिंग बेल्टचं काम इंजिनातले व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडायचं आणि बंद करायचं. आधी हे काम गिअर किंवा साखळीकडे असे. जर्मनीतल्याच ग्लास नावाच्या कंपनीनं १९६२ मध्ये दात असलेला रबरी बेल्ट वापरून गाडी बाजारात आणली आणि मग तो सगळीकडे पसरला. अनेक इंजिनांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, म्हणून मेकॅनिक दोन्ही एकदम बदलायला सांगतो. पंप नंतर बिघडला तर तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठं नुकसान होतं. त्यामुळे घरी काम करणाऱ्यानं बेल्टवरच्या खुणा जुळवताना घाई करायची नसते.

नाव लागायला उशीर झाला

बेंझ कुटुंब पुढे लाडेनबुर्ग गावात राहायला गेलं. कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल ज्या संस्थेत शिकला होता त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, तिचं निधन झालं.

मानहाइम ते फोर्त्सहाइम हा तिचा रस्ता २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून ओळखला जातो. वाटेत विस्लोखचं ते औषधाचं दुकानही लागतं.