खुर्चीत बसून हिशेब बघितला आणि उठला

स्पर्धा परीक्षेची तयारी करताय? मग हा किस्सा तुमच्यासाठीच. १९०६ ची ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा. केंब्रिजचा तेवीस वर्षांचा जॉन मेनार्ड केन्स दुसरा आला. रँक भारी, पण मार्क बघून साहेब जाम चिडले. सगळ्यात कमी मार्क होते गणितात आणि अर्थशास्त्रात! आपल्या पेपरमध्ये नाही, तपासणाऱ्याच्या डोक्यात गडबड आहे, हे त्याचं ठाम मत. पुढे अख्ख्या विसाव्या शतकाचं अर्थशास्त्र त्याच्या नावाभोवती फिरलं, म्हणजे मत अगदीच चुकीचं नव्हतं.

पहिला आलेल्याने अर्थखातं घेतलं. दुसऱ्याच्या वाट्याला इंडिया ऑफिस आलं. लंडनमधलं, भारताचा कारभार बघणारं. तिथलं त्याचं पहिलं काम काय, माहितीये? आयरशायर जातीचे दहा बैल बोटीने मुंबईला पाठवायची व्यवस्था करणं. आपल्या फर्स्ट जॉबमध्ये नुसत्या एक्सेल शीट भरायला लावतात म्हणून रडताना हे आठवा.

दोन वर्षांत कंटाळून तो केंब्रिजला परतला. पण रुपया डोक्यातून गेला नाही. १९१३ मध्ये त्याने भारताच्या चलनावर पुस्तक लिहिलं, भारतात पाऊलही न ठेवता. त्याला उत्तर दिलं ते आपल्या माणसाने. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये केन्सची मांडणी खोडून काढली. रुपये पाडायचा हात सरकारकडे मोकळा ठेवला की रुपयाची किंमत घसरते, महागाई वाढते आणि मार गरिबाला बसतो, हा त्यांचा मुद्दा. केन्स शिकवताना वर्गात हे कुणी सांगत नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तर, १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. १९१५ मध्ये केन्स अखेर अर्थखात्यात पोचला. मित्रराष्ट्रांच्या कर्जाचा हिशेब त्याच्याकडे. त्याचे जवळचे मित्र, ब्लूम्सबरीतले चित्रकार आणि लेखक, युद्धाच्या विरोधात. ज्या सरकारचं युद्ध तुला पटत नाही त्याला पैसे कसले उभे करून देतोस, असं ते त्याला तोंडावर सुनवायचे. तो आतून हललेला होता, पण खुर्ची सोडली नाही.

सुटली ती १९१९ मध्ये, पॅरिसला. युद्ध जिंकलेले देश हरलेल्या जर्मनीकडून भरपाई वसूल करायला बसले होते. केन्सचं म्हणणं असं, की जर्मनी फार तर दोनशे कोटी पौंड देऊ शकेल. नेत्यांच्या तोंडी आकडे होते याच्या कितीतरी पट. ब्रिटनमध्ये निवडणूक नुकतीच झालेली, जर्मनीला पिळून काढू म्हणत मतं मागितलेली. मग अधिकाऱ्याचा कागद कोण वाचणार? जूनमध्ये, तहावर सह्या व्हायच्या आधीच, त्याने राजीनामा दिला.

ससेक्समधल्या मित्रांच्या शेतघरात बसून दोनेक महिन्यांत त्याने पुस्तक हातावेगळं केलं. ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’. आपल्याच पंतप्रधानांचं वाभाडं काढणारं. डिसेंबरमध्ये ते आलं आणि धडाक्यात खपलं. सरकारदरबारी मात्र दारं बरीच वर्षं बंद.

१९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सोन्याच्या मार्कांचं बिल फाटलं, म्हणजे साधारण ६६० कोटी पौंड. नोव्हेंबर १९२३ पर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते! याला एकटी भरपाईच कारण नव्हती, सरकारने वारेमाप नोटा छापल्या हेही खरं. आणि केन्सने जर्मनीची जास्तच कड घेतली, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत.

बरं, हा भविष्यवेत्ता स्वतः काय करत होता? सट्टा. १९२० मध्ये त्याने युरोपातली चलनं पडणार यावर पैसे लावले. स्वतःचे आणि मित्रांचेसुद्धा. चलनं पडणार होतीच, पण आधी थोडी चढली आणि तेवढ्यात हा साफ बुडाला. वडिलांकडून मदत आणि एका बँकरकडून पाच हजार पौंड उसने घेऊन सावरला. इन्स्टाच्या टिप्सवर ट्रेडिंग करणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

१९२९ ची मंदी, १९३६ चं ‘जनरल थिअरी’, मंदीत सरकारनेच खर्च वाढवावा हे सूत्र... हे सगळं तुमच्या सिलॅबसमध्ये आहे, ते मी इथे रिपीट करत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली. १९४५ मध्ये कर्ज मागायला अमेरिकेला कुणाला पाठवलं? केन्सलाच. हृदय आधीच दुखावलेलं, तरी महिनोन्‌महिने घासाघीस करून त्याने ३७५ कोटी डॉलर मिळवले. २१ एप्रिल १९४६ ला तो गेला, वय ६२. आईवडील दोघंही तेव्हा हयात होते.

त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने फेडला डिसेंबर २००६ मध्ये. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही होते.