साडेतीन शहाण्यांतल्या सखारामबापूंचा शेवट कैदेत का झाला?

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धेच. ते मुत्सद्दी, पण लढवय्ये नव्हते. पूर्ण शहाण्यांपैकी एक सासवडजवळच्या हिवऱ्याचे सखारामबापू बोकील.

१७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. बापू, नाना आदी बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारले आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. १७७६ चा पुरंदरचा तह इंग्रजांशी केला तो बापू आणि नानांनीच. पण बापूंचा जुना ओढा दादांकडे. दोन्ही दरडींवर पाय ठेवायची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती, आणि इतकी वर्षे ती खपलीही. दादांना घेऊन इंग्रज पुण्यावर निघाले, त्या कटात बापूंचा हात होता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हार खाल्ली आणि बापूंचे पत्रच पुरावा म्हणून पुढे आले.

पुरावा खरा होताच. पण नानांना कारभारातला ज्येष्ठ भागीदारही नकोच होता. म्हाताऱ्या बापूंना आधी सिंहगडावर, मग प्रतापगडावर, शेवटी रायगडावर ठेवले. तिथेच १७८१ मध्ये ते वारले.

१७९७ च्या अखेरीस खुद्द नानाही नगरच्या किल्ल्यात कैदेत गेले. ते मात्र सुटले.